कथेतला प्रसंग आणि नाटकाची तालीम

सीमाभागातल्या आपल्या कथा वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. विषय जिव्हाळ्याचा असतो, अनुभव खरा असतो, भाषाही ओघवती असते. पण ऐन मोक्याच्या प्रसंगी पात्रे एकमेकांशी बोलायचे सोडून वाचकाशी बोलू लागतात. शेतकरी बाप, नोकरी शोधणारा मुलगा, निवृत्त मास्तर असे सारेच एका सुरात आपले दुःख सांगतात आणि कथेचे भाषण होते. दुःख खोटे नसते, तरीही ते भिडत नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर कथेच्या शेजारी नांदणाऱ्या कलेत, म्हणजे नाटकाच्या तालमीत सापडते, असे मला वाटते.

लेखक 'ती व्याकूळ झाली' असे लिहून मोकळा होऊ शकतो. दिग्दर्शकाला ही सोय नाही. नटीला नुसते 'व्याकूळ हो' म्हटले तर ती हुंदके देईल, कपाळाला हात लावील आणि प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करू लागतील. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३-१९३८) याने आयुष्यभर याच अडचणीचा विचार केला. के. नारायण काळे यांनी 'अभिनय साधना' या अनुवादातून त्याचे म्हणणे मराठीत आणले. त्याचे सार असे, की भावना हुकुमाने येत नाही, कृती मात्र ठरवून करता येते. म्हणून नटाने 'मला काय वाटते' हे विचारण्याआधी 'या क्षणी, समोरच्या माणसाकडून मला काय हवे आहे' हे विचारावे. मग ते मिळण्याच्या आड काय येते हे पाहावे. प्रवेशाचे लहान लहान तुकडे पाडावेत. पात्राला हवे असलेले बदलले की नवा तुकडा सुरू झाला असे धरावे.

हे प्रश्न कथेला विचारले तर काय दिसते? चेखवची 'तोस्का' ही १८८६ सालची कथा घ्या. स्तानिस्लाव्हस्कीने त्याची नाटके रंगमंचावर आणली ती त्यानंतर बारा वर्षांनी; म्हणजे हे शिक्षण चेखवला तालमीतून मिळालेले नव्हते. इओना पोतापॉव्ह हा म्हातारा गाडीवान. त्याचा तरणा मुलगा याच आठवड्यात वारला आहे. त्याला हवे आहे एकच: कुणीतरी आपले ऐकून घ्यावे. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मात्र मुक्कामी पोहोचायचे आहे. पहिला गिऱ्हाईक लष्करी अधिकारी. तो मुलगा कशाने गेला एवढे विचारतो आणि थोड्या वेळाने डोळे मिटून घेतो. मग तीन तरुण येतात. भाडे परवडणारे नसते, तरी इओना त्यांना घेतो. पैशापेक्षा त्याला माणसे हवी आहेत, हे त्या एका कृतीतून कळते. ते त्याची टवाळी करतात, त्याच्या मानेवर फटका मारतात. रात्री मुक्कामाच्या जागी एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो. इओना बोलू लागतो तोवर तो पुन्हा झोपी गेलेला असतो. अखेर इओना तबेल्यात जाऊन आपल्या घोडीला सगळे सांगतो.

इच्छा तीच, अडथळा दर वेळी नवा आणि अपेक्षा दर वेळी एक पायरी खाली उतरलेली. म्हणून शेवटी घोडीशी बोलणे वाचकाला विचित्र वाटत नाही. हीच कथा इओनाच्या दीर्घ स्वगताने सुरू झाली असती, तर पहिल्या पानावरच संपली असती.

दिग्दर्शकाचे दुसरे भांडवल म्हणजे वस्तू. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये आरंभीच दाराच्या कडीमुळे बेणारेच्या बोटाला लागते. बाब किरकोळ वाटते. पुढे खोट्या खटल्यातून सुटून ती निघून जाऊ पाहते, तेव्हा दार बाहेरून अडकलेले असते. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) मधला गंजत पडलेला ट्रॅक्टर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतो. देशपांड्यांचे वैभव सरले, हे मग कुणी बोलून दाखवायला नको. आपल्या कथेतल्या वस्तू पुष्कळदा नुसत्या मांडलेल्या असतात, कुणाच्या पायात येत नाहीत. हालचालींचेही तसेच. 'तो उठला, खिडकीशी गेला, त्याने सिगारेट पेटवली' अशी वाक्ये लिहिली म्हणजे प्रसंग उभा राहिला असे नव्हे. तो कुणापासून दूर गेला हे कळले पाहिजे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. दुभाषी जिल्ह्यातल्या लेखकाच्या हाती एक हालचाल अधिक आहे: भाषा बदलणे. समजा, एक म्हातारे मास्तर नातवाला घेऊन जमिनीच्या उताऱ्यासाठी कचेरीत गेले आहेत. अर्ज कन्नडमध्ये आहे. मास्तरांना आपले नाव बिनचूक लिहून हवे आहे, आणि हा कागद आपल्याला वाचता येत नाही हे नातवाच्या ध्यानी येऊ नये असेही वाटते. नातवाला अडीचची बस गाठायची आहे. कारकुनाला जेवणाआधी खिडकी बंद करायची आहे. कारकून कन्नडमध्ये बोलतो, नातू झटकन कन्नडमध्ये उत्तर देतो आणि मास्तर चष्मा पुसत बसतात. थोड्या वेळाने कारकून मान वर करून मराठीत म्हणतो, "आजोबा, बसा तिकडं. मी करतो." ही दया आहे, की कामातून बाजूला सारणे? मास्तर बसतात की उभेच राहतात? कथा तिथे आहे. सीमेचा प्रश्न त्या खिडकीत सगळाच्या सगळा हजर आहे आणि कुणीही त्याचे नाव काढलेले नाही. शिवाय कारकून खलनायक झालेला नाही. त्याचीही एक इच्छा आहे, एक घाई आहे. दिग्दर्शक दोन ओळींच्या भूमिकेलाही हा न्याय देतो. आपल्या कथांत समोरच्या बाजूच्या माणसाला तो क्वचितच मिळतो.

अर्थात कथा म्हणजे नाटक नव्हे. नाटकाला पात्राच्या मनात सरळ उतरता येत नाही, दहा वर्षे एका वाक्यात ओलांडता येत नाहीत. कथेला हे दोन्ही साधते आणि तो अधिकार तिने सोडू नये. जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) हे याच मातीतले, बेळगाव-धारवाडचे. त्यांच्या कथेतली निवेदनाची गडद भाषा रंगमंचावर तशीच्या तशी येणे अवघड. तालमीची शिस्त हवी ती माणसे समोरासमोर येतात त्या जागी.

नवी कथा छापायला धाडण्यापूर्वी तिच्यातला कळीचा प्रसंग घरातल्या दोघांना मोठ्याने वाचायला द्यावा. जिथे वाचणाऱ्याला समोरच्याकडे पाहावेसे वाटत नाही, ती ओळ वाचकासाठी लिहिलेली आहे असे समजून काढून टाकावी. आपल्या भागाचे दुःख भाषणांतून पुष्कळ सांगून झाले आहे. ते मास्तरांच्या चष्म्यावर आणि कारकुनाच्या खिडकीत दाखवणारी कथा अजून आपल्याला हवी आहे.