तांबडी रेघ आणि शब्दाचे कूळ

अप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तकांची पाने लावणाऱ्या एका दुकानात परवा ऐकले : "तांबडी रेघ नाही ना, मग शुद्ध आहे." मुद्रितशोधकाचे पैसे वाचवायची ही नवी सबब. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्समध्ये ही रेघ ओढतो तो हनस्पेल, मुक्तस्रोत शब्दतपासनीस.

हनस्पेल मुळात हंगेरियनसाठी लिहिला गेला. तीही शब्दाला प्रत्ययांची शेपटी लावत जाणारी भाषा, म्हणून 'घरातल्यांनासुद्धा' पाहून तो दचकत नाही. त्याच्या कोशाच्या दोन फायली असतात : एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. शब्दापुढची खूण सांगते, याला कोणते नियम लावायचे.

खरी मेख त्या खुणेत आहे. 'गरीब'चे 'गरिबाला' होते, 'शरीर'चे मात्र 'शरीराला'. साहित्य महामंडळाच्या १९६२ साली मान्य झालेल्या नियमांत सामान्यरूपातला उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व होतो, पण तत्सम शब्दांना सूट आहे. 'शरीर' संस्कृत, 'गरीब' अरबीतून आलेला. म्हणजे खूण लावणाऱ्याने आधी प्रत्येक शब्दाचे कूळ विचारायचे! आपण हे मो. रा. वाळंबे यांच्या पुस्तकावरून घोकले. यंत्राला कुणीतरी एकेक शब्द घेऊन सांगावे लागते. खूण चुकली की चुकीचे रूप बिनबोभाट सुटते आणि बरोबर रूपाखाली रेघ येते. यात मला हनस्पेलपेक्षा नियमाचा दोष मोठा वाटतो. शाळेत जी आपली चूक म्हणून गिळली, तिचे कारण या फायलीत उघडे पडते.

रेघ येतच नाही, ती जागा जास्त धोक्याची. 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर' : दोन्ही शब्द खरे, मग हरकत कशाला? माझ्याच एका लेखात 'हाताची शिर' छापून आली. उलट पात्राच्या तोंडी बोली उच्चारानुसार लिहायला नियमांचीच मोकळीक आहे, पण अवतरणचिन्हांत कोण बोलतो आहे हे यंत्राला कळत नाही.

तरीही मी हनस्पेलच्या बाजूने आहे. फोनचा कळफलक परस्पर शब्द बदलतो, तेव्हा का बदलला हे विचारायची सोय नसते. इथे फाइल साध्या मजकुराची. कुणीही उघडावी, वाचावी, दुरुस्त करावी. ती दुरुस्त करायचे ज्ञान पुण्यातल्या मुद्रितशोधकांच्या वह्यांत पडून आहे. त्या दुकानात एखाद्याला दोन तास बसवून 'शरीर'पुढची खूण तपासून घेता आली असती, पण तिथे त्याचेच पैसे वाचवायचे ठरले आहे.