आठवण आणि छंद

दिवंगत आप्तांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. वर्षश्राद्धाच्या स्मरणिका निघतात, वृत्तपत्रांतून लेख येतात, क्वचित एखादे पुस्तकही होते. ते वाचून झाले की मनात काय उरते? गेलेले गृहस्थ शांत होते, निःस्पृह होते, परोपकारी होते. हे सर्व खरेच असेल. पण या गुणांच्या यादीखाली दुसऱ्या कोणाचेही नाव घातले तरी बिघडत नाही, हीच त्या लेखनातील खोट होय. माणूस ओळखू येतो तो त्याच्या वेडावरून, आणि त्याहूनही, त्या वेडात त्याने कोणाला ओढले यावरून. आप्ताची आठवण लिहिणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारीन: तुमचा हा माणूस रिकाम्या दुपारी काय करीत असे, आणि त्या वेळी तुम्ही कोठे होता?

या प्रश्नाला मराठीत पहिले मोठे उत्तर रमाबाई रानड्यांनी दिले. न्यायमूर्ती १९०१ साली गेले आणि १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक निघाले. त्यात भक्तिभाव इतका दाट आहे की पतीचे दोष दिसावेत अशी फट लेखिका कोठे ठेवीत नाही. समीक्षकाला ही उणीव मांडावीच लागेल. तरीसुद्धा ते पुस्तक जिवंत राहिले, याचे कारण माधवरावांचे शिकविण्याचे वेड होय. अकराव्या वर्षी घरात आलेल्या मुलीला ते स्वतः लिहावयास-वाचावयास बसवितात, पुढे इंग्रजीचे धडे देतात. घरातील बायका टोचून बोलतात आणि ती मुलगी ते मुकाट्याने गिळते. न्यायमूर्तींची थोरवी सांगावयास इतिहासाचे ग्रंथ आहेत. त्यांच्या अभ्यासाच्या वेडाची किंमत घरात कोणी मोजली, हे मात्र एकट्या रमाबाईच सांगू शकत होत्या.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ याच्या पुढचे पाऊल टाकते. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. १९३६ साली त्या निवर्तल्यावर अखेरचा भाग त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला. लक्ष्मीबाई पतीला देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. खिशातला पैसा घरच्या गरजेआधी भलत्याच गोष्टीवर उडविणारे, न सांगता निघून जाणारे, क्षणात तापणारे आणि क्षणात विरघळणारे टिळक त्या जसेच्या तसे उभे करतात. १८९५ साली टिळकांनी धर्म बदलला, त्यानंतर दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. ते दुःखही त्या रडगाणे न करता सांगतात. या संसारात एक गोष्ट कधी आटली नाही, ती म्हणजे कविता. टिळकांच्या घरी कवी राहावयास येत. बालकवींना तर तेथे घरच्या मुलासारखा आसरा मिळाला. अशा घरात वावरत, धड शाळाही न पाहिलेली ही बाई स्वतः कविता करू लागली. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. गेलेल्या माणसाचे स्मरण याहून सच्चे कसे करावयाचे? त्याने अर्धवट टाकलेले काम त्यांनी हाती घेतले, आणि तेही त्याच्या उणिवांवर पांघरूण न घालता.

पु. ल. देशपांड्यांचा ‘ऋग्वेदी’ हा ‘गणगोत’मधील लेख याच परंपरेतला. वामन मंगेश दुभाषी हे त्यांचे मातामह. त्यांनी रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ अभंगांत आणली. नातू पुढे पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात बंगाली शिकावयास गेला आणि १९७४ साली ‘वंगचित्रे’ लिहिता झाला. आजोबांचा छंद नातवापर्यंत असा पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही. लेख अतिशय गोड आहे. मात्र या गोडीतच त्याची मर्यादाही आहे. त्यातल्या आजोबांना कोठे काटा नाही. लक्ष्मीबाईंचे टिळक बोचतात, म्हणून अधिक दिवस लक्षात राहतात.

हे सारे लिहिता-वाचता येणाऱ्या घरांचे झाले. आमच्या डहाणू तालुक्यात गंजाडचे जिव्या सोमा मशे २०१८ साली गेले. वारली घरांत लग्नाचा चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम. मशे यांनी ती चित्रे रोजच्या ध्यासाची केली आणि २०११ साली पद्मश्री मिळविली. त्यांचे मुलगे, सदाशिव आणि बाळू, हेही चित्रे काढू लागले. पित्याची आठवण पुस्तकात लिहून ठेवण्याचा हा मार्ग नव्हे; येथे हात हाताला आठवतो. टीकाकाराने हेही स्मृतिवाङ्मयच मानले पाहिजे.

मसोलीच्या परिसरात मुलांना शिकविताना ‘माझे आजोबा’ हा निबंध मी पुष्कळदा तपासला आहे. बहुतेक आजोबा ‘प्रेमळ व कष्टाळू’ असतात. पण एखादा मुलगा लिहून जातो की, आजोबा खिरणीच्या रोपावर चिकूचे कलम कसे बांधतात, जाळे विणताना गाठ चुकली की कसे ओरडतात, तारपा फुंकताना त्यांचे गाल कसे फुगतात. तेथे लाल पेन्सिल आपोआप थांबते. या आजोबांवर कोणी स्मरणिका काढणार नाही. ते टिकणार असतील तर त्या पोराच्या वहीत आणि त्याच्या बोटांत. म्हणून आठवणी लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की गुणांची यादी जरा बाजूला ठेवा. त्यांनी तुम्हांला कशाचे वेड लावले, आणि त्या वेडापायी घरात कोणाला काय सोसावे लागले, ते आधी लिहा.