स्ट्रिंडबर्गची 'तांबडी खोली' आणि सुताराचा बिछाना

एका चुकीची कबुली देऊन सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी कादंबऱ्यांतल्या उपाहारगृहांविषयी मी एक टिपण लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'स्टॉकहोममधल्या बर्न्सच्या भव्य दालनात, त्या झुंबरांखाली, स्ट्रिंडबर्गचा आर्विद फाल्क बसत असे.' वाक्य छान जमलं होतं, आणि ते साफ चूक होतं. ती चूक मला कुठल्याही ग्रंथालयात कळली नाही. ती कळली त्याच झुंबरांखाली सकाळचा नाश्ता करताना.

तिथे मी पोचलो भाचीमुळे. ती स्टॉकहोममध्ये नोकरीला आहे. "मामा, तू त्या पुस्तकाबद्दल इतकं बोलतोस, मग दोन रात्री त्याच हॉटेलात राहा, खर्च माझा," असं ती म्हणाली. आमच्या घरात मामाने भाचीला घ्यायचं असतं, भाचीने मामाला नव्हे. पण मोह आवरला नाही. बर्न्स हे आज शहराच्या मध्यवर्ती भागातलं, ऐंशीच्या आसपास खोल्यांचं, ऐतिहासिक वास्तूतलं हॉटेल आहे. समोर बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाचा पुतळा असलेली बाग, पलीकडे नीब्रोविकेनची खाडी, आणि दोन मिनिटांवर १९०८ साली उघडलेली राजनाट्यशाळेची इमारत. ऑगस्ट स्ट्रिंडबर्गच्या 'रोदा रुम्मेत', म्हणजे 'तांबडी खोली', या १८७९च्या कादंबरीला नाव मिळालं ते या वास्तूतल्या एका खोलीवरून. त्या नावाची खोली आजही तिथे आहे.

मराठी वाचकाला स्ट्रिंडबर्ग नाटककार म्हणून ठाऊक आहे. 'फादर', 'मिस ज्यूली' ही नावं नाट्यशिबिरांतून कानांवर पडतात. एकूणच स्कँडिनेव्हिया आपल्याकडे आला तो रंगमंचावरून. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्याचं मूळ ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाचं होतं. अनंत काणेकरांचं 'घरकुल' इब्सेनवरून आलेलं. कादंबऱ्या मात्र मागे राहिल्या. 'तांबडी खोली' ही स्वीडिश भाषेतली पहिली आधुनिक कादंबरी मानली जाते, तरी ती आपल्याकडे फारशी कुणी वाचलेली नाही. मी ती प्रथम वाचली एली श्लॉइस्नर यांच्या १९१३च्या इंग्रजी अनुवादातून. पुढे शब्दकोश मांडीवर घेऊन मूळ स्वीडिशशी झटापट केली. माझं स्वीडिश कुणा शिक्षकाने तपासलेलं नाही, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

आता चुकीकडे. हाइनरिख रॉबर्ट बर्न्स या गृहस्थाने हे उपाहार-मनोरंजनगृह १८६३ साली उघडलं. वास्तुकार योहान फ्रेड्रिक ओबूम. पण पाहुणे माना वर करून बघतात ते आरसे, झुंबरं आणि सोनेरी नक्षी असलेलं मोठं दालन १८८५-८६च्या विस्तारातलं आहे. कादंबरी १८७९ची. म्हणजे फाल्क तिथे बसलाच नाही, बसणं शक्यच नव्हतं. त्याचं बर्न्स आजच्यापेक्षा लहान आणि साधं होतं. इथे राहायच्या खोल्या तर विसाव्या शतकाच्या अखेरीच्या. भिंतीवरच्या माहितीतली सालं वाचली आणि हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. माझं ते वाक्य मी मागे घेतो.

पण मी घसरलो कसा, हे बघण्यासारखं आहे. मी कादंबरी वाचली होती, आणि तरीही डोळ्यांपुढे झुंबरं आणली. पुस्तकात ज्याचा मागमूस नाही ते वैभव मी आजच्या छायाचित्रांतून उचललं आणि पुस्तकात नेऊन टांगलं. एकदा ते तिथे टांगलं की वाचनच बदलतं. मग 'तांबडी खोली' ही रंगेल कलावंतांच्या मैफलींची कादंबरी होते. प्रत्यक्षात ती पैशांची कादंबरी आहे.

स्ट्रिंडबर्ग स्वतः १८७९च्या जानेवारीत दिवाळखोर जाहीर झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही कादंबरी आली. तीस वर्षांचा, राजग्रंथालयात साहाय्यक म्हणून नोकरी करणारा तरुण. कादंबरीच्या पानापानावर कुणाच्या तरी खिशाचा हिशेब चाललेला दिसतो. फाल्कला त्याचा व्यापारी भाऊ वारशाच्या पैशांत फसवतो आणि वर उपकाराचा आव आणतो. 'ट्रायटन' नावाची सागरी विमा कंपनी हवेतल्या भांडवलावर उभी राहते आणि कोसळते. लिल-यान्सच्या माळावर राहणारे चित्रकार थंडीत जमिनीच्या फळ्या उपटून जाळतात. हे लोक तांबड्या खोलीत येतात ते तिथे ऊब असते, दिवे असतात आणि आज जेवण कोण घालील याचा काही अंदाज येतो म्हणून. कलेवरच्या गप्पा होतात, आणि त्या फार मजेदार आहेत. पण त्यांच्याखाली रिकाम्या पोटाचा आवाज सतत ऐकू येतो. माझ्या मते या कादंबरीची ताकद यातच आहे, की हा आवाज स्ट्रिंडबर्ग करुण होऊ देत नाही. तो त्याचा विनोद करतो.

सुरुवातीचंच बघा. मोसेबाकेच्या टेकडीवरून शहराकडे बघणारा फाल्क आपण सरकारी नोकरी का सोडली ते सांगतो. ज्या खात्यात तो लागला त्याचं नाव मराठीत 'सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार अदा करण्याचे महामंडळ' असं काहीसं होईल. तिथे शिपाई भरपूर, साहेब गायब, आणि काम कुठे असतं हे कुणालाच माहीत नाही. मी स्वतः वीस वर्षं एका सरकारी कचेरीत कारकुनी केली. हे प्रकरण पहिल्यांदा वाचताना मी हसून हसून बेजार झालो आणि मग थोडा गप्प झालो. फाल्कने नोकरी सोडली, मी नाही सोडली.

पुढे लेखक व्हायला निघालेल्या फाल्कला स्मिथ नावाचा प्रकाशक भेटतो. त्याच्याकडे राणी उल्रिका एलिओनोराच्या चित्राचा लाकडी ठसा पडून आहे, तो वाया जाऊ नये म्हणून त्याला राणीवर मजकूर हवा आहे, आणि किती फर्मे तेही ठरलेलं. आधी ठसा, मग लेखन. दिवाळी अंकात लिहिणाऱ्या माणसाने यावर फार बोलू नये. दोन जाहिरातींच्या मध्ये उरलेल्या जागेत बसेल एवढाच लेख मीही लिहिलेला आहे.

हॉटेलातल्या पहिल्या रात्री मात्र मला आठवला तो एक सुतार.

शहराच्या दक्षिणेला व्हीता बेर्गेन, म्हणजे 'पांढरे डोंगर', नावाची त्या काळची गरीब वस्ती. तिथे फाल्कची भावजय आणि तिची मैत्रीण धर्मादाय भेटीला जातात. गरिबांना धर्मपुस्तिका वाटणाऱ्या या बायकांना तो सुतार सरळ सुनावतो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: एक दिवस आम्ही या डोंगरांवरून धबधब्यासारखे गर्जत खाली येऊ आणि आमचे बिछाने परत मागू, मागणार कसले, घेऊच, आणि मग तुम्ही झोपा रंध्याच्या बाकावर, जसे आम्ही झोपलो. संपूर्ण कादंबरीत इतका उघडा संताप दुसरीकडे नाही. एरवी सगळं उपरोधात गुंडाळून सांगणारा लेखक इथे बाजूला होतो आणि सुताराला बोलू देतो. समीक्षक या कादंबरीला उपहासकथा म्हणतात तेव्हा मला हा प्रसंग पुढे करावासा वाटतो. उपहासात असा माणूस मावत नाही. त्याने मागितलं काय, तर क्रांती नव्हे, मतदानाचा हक्क नव्हे. बिछाना.

आणि मी त्या कादंबरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, भाचीच्या पैशांनी, चार उशांच्या बिछान्यावर पडलो होतो. झोप लागली, हेही सांगून टाकतो. बिछाना उत्तम होता.

यात हॉटेलचा दोष काढायचा हेतू नाही. वास्तू टिकली ती धंद्यामुळेच टिकली. आपल्याकडे काळा घोड्याला 'वेसाइड इन' होतं. अरुण कोलटकर दर गुरुवारी तिथे बसायचे, समोरचा रस्ता बघायचे. 'काळा घोडा पोएम्स' २००४ साली आल्या तेव्हा ते उपाहारगृह उरलं नव्हतं. त्यामुळे कोलटकरांचा वाचक कवितेतल्या रस्त्यावर सरळ उतरतो, त्याला मध्ये कुठे झुंबर लागत नाही. हे बरं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. ते टेबल बघायला मिळालं असतं तर मीही गेलोच असतो.

कादंबरीचा शेवट अनेकांना निराश करतो. ऑले मोंटानुस हा शिल्पकार जीव देतो. फाल्क शिक्षक होतो, जुनी नाणी जमवतो, त्याचं लग्न ठरतं. हे आपल्याला कळतं ते डॉक्टर बोर्गच्या पत्रातून, सगळ्यांच्या खबरबाती सांगता सांगता, ओझरतं. ही लेखकाची घाई आहे असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्याच्या बंडासोबत आपण इतकी पानं चाललो, त्याची शरणागती समोर न दाखवता तिसऱ्याच्या पत्रात उरकणं हीच खरी शिक्षा आहे. तांबड्या खोलीत आता त्याची जागा रिकामी आहे, आणि त्याबद्दल कुणी रडतही नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन व्हीता बेर्गेनला गेलो. माथ्यावर १९०६चं सोफिया चर्च, आजूबाजूला जतन केलेली जुनी लाकडी घरं, तांबड्या रंगात रंगवलेली, खिडकीत फुलांच्या कुंड्या. तिथल्या बाकावर बसून मी तिला सुताराचं भाषण मराठीत सांगितलं, जमेल तसं. 'हीव्हेलबेंक' या शब्दाला रंध्याचं बाक म्हणावं की सुतारबाक, यावर आमचा थोडा वाद झाला. ती बराच वेळ त्या घरांकडे बघत होती. मग म्हणाली, "मामा, इथे घर घ्यायचं तर आम्हा दोघांचा पगार पुरणार नाही."