छापलेले, पाहिलेले आणि ऐकलेले: विकिपीडियाचे नियम झाशीच्या पानावर

विकिपीडियावर नव्याने खाते उघडणाऱ्या सदस्याला सुरुवातीलाच तीन नियम सांगितले जातात. लेखन तटस्थ असावे, प्रत्येक विधान पडताळता यावे आणि स्वतःचे संशोधन लेखात घालू नये. हे पाठ करायला दहा मिनिटे पुरतात. ते खरोखर कळायचे तर एखादे अवघड पान हाताळावे लागते. या टिपणासाठी झाशीची राणी लक्ष्मीबाई हा विषय घेऊ.

सुरुवात जन्मसालापासून. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ साली लिहिलेल्या चरित्रात १९ नोव्हेंबर १८३५ ही तारीख आहे. इतरत्र १८२८ हे साल सर्रास आढळते. म्हणजे १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला लढताना मरण पावलेली स्त्री बावीस वर्षांची होती की एकोणतीस, हा प्रश्न उरतो. समजा, तुम्ही एक साल पुसून दुसरे घातले आणि थोड्याच वेळात कुणीतरी ते उलटवले. यात तुमचा अपमान झालेला नाही. कोणते साल खरे हे ठरवण्याचे काम संपादकाकडे दिलेलेच नाही. दोन्ही साले द्यायची, कोण काय म्हणतो ते नोंदवायचे आणि मतभेद असेल तर चर्चा पानावर बोलायचे. तिथी-वार-पंचांग मांडून तुम्ही स्वतः उत्तर काढलेत, तर ते कदाचित अचूकही असेल, पण त्याची जागा एखाद्या नियतकालिकात आहे. इथवर नियम मला पूर्ण पटतो.

अडचण पुढे येते. झाशीवर नेवाळकर या मराठी घराण्याचा अंमल असल्याने तिथल्या १८५८ च्या वेढ्याचे एक दुर्मीळ प्रत्यक्षदर्शी वर्णन मराठीत आहे: वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा भिक्षुक वेढ्याच्या काळात शहरातच होता. त्याचे लेखन १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केले. मात्र वैद्यांनी भाषा बदलली आणि मजकुरातही फेरफार केले. गोडश्यांच्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती वाचकांच्या हाती पडली ती १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षे ‘गोडसे म्हणतात’ असे लिहून जे उद्धृत केले जाई, त्यात वैद्यांचा हात मिसळलेला होता.

आता नियम लावून पाहा. १९६० साली विकिपीडिया असता, तर पडताळणीच्या कसोटीला वैद्यांची प्रत निर्विवाद उतरली असती: छापील, नामवंत संपादकाची, ग्रंथालयात मिळणारी. हस्तलिखित वाचून त्यात दुरुस्ती सुचवणाऱ्याला ‘मूळ संशोधन’ म्हणून थांबवले गेले असते. म्हणून संदर्भ देताना ‘माझा प्रवास’ एवढेच लिहू नका; कोणाची आवृत्ती, कोणत्या सालची, हेही लिहा. शिवाय गोडश्यांचा वृत्तान्त हे प्राथमिक साधन आहे. त्याने काय पाहिल्याचे सांगितले एवढे त्यावरून लिहिता येते. त्याचा अर्थ काय, हे सांगायला अभ्यासकाचा ग्रंथ लागतो. नवे सदस्य इथे सर्वाधिक अडखळतात, आणि स्वागताच्या मजकुरातून ही बाब क्वचितच उमगते.

झलकारीबाईपाशी मात्र नियमाची मर्यादाच दिसते. कोरी समाजातील ही स्त्री राणीच्या वेषात इंग्रजांना सामोरी गेली आणि त्यामुळे राणीला निसटता आले, अशी आठवण बुंदेलखंडात सांगितली जाते. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीने ती दूरवर नेली. २००१ साली भारतीय टपाल खात्याने झलकारीबाईवर तिकीट काढले. पण कादंबरी हा इतिहासाचा पुरावा नव्हे आणि तिकीट तर नव्हेच. ज्या समाजाच्या हाती छापखाना नव्हता, त्याच्याकडे ‘विश्वासार्ह प्रकाशित स्रोत’ मागणे हे वरवर सर्वांना समान वाटते. प्रत्यक्षात ते ज्याच्याकडे पोथ्या आणि दप्तरे होती त्याच्या बाजूने झुकते. गोडश्यांची लेखणी टिकली, झलकारीच्या शेजारणीचे बोलणे टिकले ते फक्त तोंडी.

यावर नियमच सैल करा असे मी म्हणणार नाही. तसे केले तर उद्या कुणीही कुणाच्याही आजोबांना सेनापती करील. (असे प्रयत्न होतातही.) तोंडी साक्षीला संदर्भ मानता येईल का, याचा प्रयोग २०११ च्या सुमारास अचल प्रभला यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील उत्तर सोथो या भाषांत करून पाहिला, पण तो सर्वमान्य नियम झाला नाही. सध्या उपयोगी पडणारी वाट वेगळी आहे. बद्री नारायण यांच्यासारख्या अभ्यासकांनी उत्तर भारतातील दलित वीरांगनांच्या स्मृतींवरच ग्रंथ लिहिले आहेत. त्यांच्या आधारे ‘असे घडले’ न लिहिता ‘असे सांगितले जाते, आणि त्या सांगण्याला अमुक अर्थ आहे’ असे लिहिता येते. हे वाक्य दुबळे वाटेल. ‘असे मानतात’ एवढेच लिहून सोडले तर ते दुबळेच असते. कोण मानतो, कधीपासून, कोणत्या लेखनातून, हे जोडले की त्याला वजन येते.

सरावासाठी आपल्या धूळपाटीवर झलकारीबाईविषयी चार वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्यापुढे ते छापलेल्यावरून आले, पाहिलेल्यावरून आले की ऐकलेल्यावरून, याची खूण करा. मग मूळ पान उघडून तिथल्या वाक्यांनाही त्याच खुणा करून पाहा. जिथे खूण करता येत नाही, तिथे ‘संदर्भ हवा’ हा साचा लावा आणि का लावला ते चर्चा पानावर लिहा.