नेम धरणाऱ्याचं नाव

स्टीव्हन गॅलोवे या कॅनडातल्या लेखकाची ‘द चेलिस्ट ऑफ सारायेव्हो’ (२००८) ही कादंबरी रात्रपाळी सुटल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. महिना गेला.

बोस्नियाच्या या राजधानीला सर्ब फौजेनं एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत वेढा घातला होता. डोंगरावर बंदुका, खाली माणसं. केनान नावाचा साधा बाप्या बिअरच्या कारखान्यातून घरासाठी आणि एका कजाग शेजारणीसाठी पाणी वाहतो. ती पानं अस्सल आहेत. पाण्यापायी काय सोसावं लागतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तरी मी ती दोनदा वाचली.

माझं भांडण आहे ते ॲरोवरून. ही शहराच्या बाजूची नेमबाज पोरगी. मारते, पण शिपायांनाच. वरचे तिला पलीकडच्या एका साध्या नागरिकाला टिपायचा हुकूम देतात. ती नाही म्हणते आणि मरण पत्करते. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? पण हुकूम मोडणारी ही एकटी पुस्तकभर उजेडात, आणि रोज रस्त्यावरची माणसं पाडणारा समोरचा शिपाई दिसतो तो क्षणभर, तोही डोळे मिटून संगीत ऐकताना! वा रे कलाप्रेम.

१८ नोव्हेंबर १९९४ ला लाकूडफाट्यासाठी गेलेली एक बाई लेकरांसोबत परतत होती. गोळी तिच्या पोटातून आरपार गेली आणि सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात घुसली. हेगच्या न्यायालयाचे निकाल रुक्ष असतात. अंतर किती, उजेड होता का, अंगावर कपडे कुठले, नेम धरणाऱ्याला काय दिसलं असेल. चाप ओढणाऱ्याचं नाव त्यात नाही. पण न्यायाधीश तिथं थांबले नाहीत, डोंगर चढून सेनापतीपर्यंत गेले. द्रागोमिर मिलोशेविचला २००७ साली ३३ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात २००९ साली २९ राहिली. कादंबरी मात्र शिपायाच्या मनापाशीच अडकते. डोंगरावर हुकूम कोण सोडत होतं, हे तिला विचारावंसंच वाटत नाही.

आणखी एक. ज्या वेद्रान स्माइलोविचच्या वाजवण्यावरून हे सगळं उभं राहिलं, तो जाहीरपणे चिडला होता. आपल्याला न विचारता आपली गोष्ट उचलली, ही त्याची तक्रार. ज्याचं दुःख त्याला विचारायचं नाय, हे आपल्याकडच्या पांढरपेशा लेखकांनाही चांगलं जमतं.

पुस्तक माझ्याकडे आहे. हवं त्यानं न्यावं. पाण्याच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या तेवढ्या खोडू नका.