सुट्टीतील वाचन आणि उजवी सोंड

सुट्टीतले वाचन म्हणजे हलके वाचन, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिची कोणी चौकशीच करीत नाही. परीक्षा आटोपली की घरातील वडीलधारी मंडळी मुलाच्या हाती एखादे गोष्टीचे पुस्तक देतात, ते बहुधा त्याने भर उन्हात बाहेर हुंदडू नये म्हणून. पुस्तक विज्ञानकथेचे असेल तर तेवढेच विज्ञान डोक्यात शिरेल, आणि घरगुती मायेचे असेल तर तेवढेच वळण लागेल, असा हिशेब मनाशी असतो. मूल आनंदासाठी वाचते, ही गोष्ट या हिशेबात कोठेच बसत नाही. टीकाकारही याहून फारसे निराळे वागत नाहीत. विज्ञानकथेची परीक्षा ते तिच्यातील शास्त्रावरून करतात, मायेच्या गोष्टीची तिच्यातील संस्कारांवरून. आणि दोहोंची रवानगी बालवाङ्मयाच्या फळीवर करून मोकळे होतात.

मागे एका उन्हाळ्यात आमचा मुक्काम रोह्यास एका स्नेह्यांच्या घरी होता. तेथे झोपाळ्यावर बसून तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी सकाळी ‘श्यामची आई’ आणि दुपारी जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ वाचीत असे. एक पुस्तक 1935 सालचे, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले. दुसरे 1979 सालचे, कृष्णविवरांच्या आणि धूमकेतूंच्या जगातले. या दोहोंचा मेळ कसा बसतो, असे आम्ही तिला कौतुकाने विचारणार होतो. तोच तिनेच आम्हांस विचारले, “आजोबा, त्या दत्तदांच्या बायकोला कोणी खरं का सांगितलं नाही?”

या प्रश्नाकडे पुढे येऊ. तत्पूर्वी ‘यक्षांची देणगी’ कोणत्या वाटेने आपल्याकडे आली, हे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. मराठी मुलास शास्त्राचे अद्भुत प्रथम भेटले ते बव्हंशी भाषांतरांतून. ज्यूल व्हर्नचा 1865 सालचा चंद्रप्रवास भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’ या नावाने मराठीत आणला आणि व्हर्नच्या पाणबुडीस ‘समुद्रसैतान’ म्हणून आपल्या किनाऱ्यास लावले. भागवतांची भाषा अशी खेळकर आणि घरगुती, की परक्या देशाचा वास त्या पुस्तकांना फारसा येतच नाही. तथापि घर मात्र परक्याचेच राहिले. ते घर मराठी झाले नारळीकरांच्या हातून. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली, आपल्या नावाच्या वलयाने परीक्षकांचे डोळे दिपू नयेत म्हणून. आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव आम्हांस फार आवडते. पुढे ज्याच्या एका उत्तम कथेत उजव्याचे डावे व्हावयाचे होते, त्याने आरंभ स्वतःचेच नाव उलटून केला!

ती कथा म्हणजे ‘उजव्या सोंडेचा गणपती’. क्रिकेटचा सामना, एक गणेशमूर्ती आणि मोबियसची पट्टी एवढ्या सामग्रीवर ती उभी आहे. कागदाच्या लांबट पट्टीस एक पीळ देऊन तिची टोके जोडावी; त्या पट्टीवरून सरकत गेलेली डाव्या हाताची आकृती एक फेरा पुरा करून परतते ती उजव्या हाताची होऊन. अवकाशालाच असा पीळ पडला तर त्यातून फिरून आलेल्या माणसाचे आणि वस्तूचे काय होईल, हा तिचा प्रश्न. समीक्षक तिच्यातील गणिताची वाखाणणी करतात. आमचे म्हणणे असे की ही कथा पेणेत वाचून पाहावी. त्या गावी गणपती घडतात हे सर्वांस ठाऊक आहे, पण तेथील मूल काय पाहत वाढते, याचा विचार कोणी केला आहे काय? कारखान्यात साचा उघडा पडलेला असतो. त्याच्या पोटात डोकावावे तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा दिसतो. त्यातून मूर्ती काढावी तर सोंड पुन्हा मुकाट्याने डावीकडे. हा चमत्कार ते मूल रोज पाहते आणि त्यास चमत्कार म्हणत नाही. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे सांभाळणे कठीण, म्हणून त्यास मागणी थोडी, हेही त्याने मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. अशा मुलाच्या हाती ही कथा पडली म्हणजे त्यास आधीच ठाऊक असलेली एक गोष्ट कळते: साचा कितीही फिरविला, तरी डाव्याचे उजवे होत नाही. त्यासाठी जगच पिळावे लागते. येथे शास्त्र शिकविले जात नाही, अंगणातल्याच वस्तूकडे पुन्हा पाहावयास लावले जाते. आणि जो आनंद होतो तो ओळखीचा असतो. श्यामच्या आईच्या साध्या साध्या प्रसंगांतून होणारा आनंद याच जातीचा आहे, असे आम्ही म्हटले तर कित्येकांस ते धाडस वाटेल. वाटो बापडे.

नारळीकरांची प्रत्येक कथा या तोलाची आहे असे मात्र नव्हे. पुष्कळदा एक शास्त्रज्ञ, एक जिज्ञासू मित्र आणि एक कागद-पेन्सिल एवढ्यावरच भागते. मित्राने विचारावे, शास्त्रज्ञाने सांगावे, आणि वाचकाने जांभई दाबावी. त्या पात्रांस घर नसते. ती जेवतात केव्हा, त्यांची वाट कोण पाहते, कशाचा पत्ता लागत नाही. आणि ज्याची वाट पाहणारे कोणी नाही, तो कृष्णविवरात पडला काय आणि न पडला काय, कुमार वाचकाचा श्वास अडकत नाही. अशा कथांचे शास्त्र बिनचूक असेल. सुट्टीच्या दुपारी त्या मिटून ठेवल्या जातात.

‘धूमकेतू’ ही कथा त्यांहून वेगळी, कारण तिच्यात घर आहे. दत्तदा हा हौशी आकाशनिरीक्षक. आपल्या दुर्बिणीवर त्याचा इतका जीव, की पत्नीला ती सवतच वाटावी. त्याला धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, शास्त्रज्ञ गुप्तपणे जमून तो वळविण्याची योजना आखतात. आणि इकडे घरात अरिष्टनिवारणार्थ शांतियज्ञ होतो. संकट टळते, श्रेय यज्ञाला जाते, दत्तदा खिन्न होतो. लेखकाने उपरोध कोणावर रोखला आहे हे उघड आहे, आणि अंधश्रद्धेविषयीचे त्याचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु रोह्याच्या त्या मुलीने नेमके बोट ठेवले ते दुसऱ्याच जागी. ज्यांस खरे ठाऊक होते त्यांनी ते आपसांत ठेविले. घरातील बाईच्या वाट्यास आले ते शेपटीच्या ताऱ्याचे जुने भय तेवढे. तिने आपल्यापाशी होते त्या साधनाने घर राखण्याची धडपड केली. तिला हसावयाचे, तर आधी कोणी तिच्याशेजारी बसून गणित समजावून दिले होते काय? लेखकाने हा प्रश्न विचारलेला नाही, हा आमच्या मते कथेतला खरा उणेपणा. आणि तेरा वर्षांच्या वाचकास तो विचारता आला, हा तिचा मोठेपणा. घर नसलेल्या कथेविषयी हा प्रश्न कोणाला सुचलाच नसता.

नारळीकर 2025 च्या मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीतच, निवर्तले. त्यांच्यामागून या वाटेने जाणाऱ्यांस विषयांची वाण पडावी असे आम्हांस दिसत नाही. रोह्यासच पाहा. भर वैशाखात सह्याद्रीच्या कुशीतल्या ओढ्यानाल्यांची वाळू उघडी पडते, आणि कुंडलिका मात्र वाहती. हे पाणी घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणात साठलेले. ते डोंगराच्या पोटातून खाली येते, भिऱ्याच्या विद्युत्गृहातील चक्रे फिरविते, आणि मग नदीला मिळते. 1927 पासून हे चालले आहे. त्या धरणाखाली बुडालेल्या गावांसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. वीज मुंबईस गेली, पाणी रोह्यास आले, घरे तळाशी राहिली. व्हर्नला हे सापडते तर त्याने सोडले असते काय? परंतु बुडालेल्या घरातली चूलही त्या कथेत यावयास हवी, आणि ती मराठी लेखकाखेरीज कोण आणणार?

निघताना आम्ही त्या मुलीस हे पाणी कोठून येते ते सांगितले. तिने झोपाळा थांबविला, आणि मुळशीच्या तळाशी अजून घरांच्या भिंती असतील का, असे विचारले. आम्ही गाडीच्या वेळेचे निमित्त करून उठलो.