अमेरिकेचा निसर्गधर्म आणि व्हिएतनामची अरण्ये

निसर्गरक्षणाचा आधुनिक विचार अमेरिकेने जगास दिला, असे जे वारंवार म्हटले जाते, ते सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. १८७२ मध्ये यलोस्टोनचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवणारे राष्ट्र तेच होय. आणि रेचेल कार्सन या विदुषीचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध होताच विषारी फवाऱ्यांच्या प्रश्नावर सरकारला उत्तरे द्यावयास लावणारे राष्ट्रही तेच. त्या ग्रंथात रस्त्यांच्या कडेची झुडपे मारण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या दोन द्रव्यांवर, २,४-डी आणि २,४,५-टी यांवर, कार्सनबाईंनी कठोर टीका केली होती. एका फवाऱ्यासरशी कडेची रानफुले जातात, त्यांवर जगणारी पाखरे व कीटक जातात, आणि जे उरते ते कोणाच्याच कामाचे नसते, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. अमेरिकन गृहस्थास आपल्या गावाबाहेरचा रस्ता ओळखीचा होता. त्यास ते पटले.

त्याच १९६२ सालच्या जानेवारीत हीच द्रव्ये विमानांत भरून दक्षिण व्हिएतनामच्या अरण्यांवर फवारण्यास प्रारंभ झाला होता. अध्यक्ष केनेडी यांनी त्या मोहिमेस मान्यता दिली ती ३० नोव्हेंबर १९६१ रोजी. आमच्या गोमंतकीय वाचकांस ही तारीख अनायासे लक्षात राहील, कारण त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सेना गोव्यात शिरली असता अमेरिकेचे प्रतिनिधी एडले स्टीव्हन्सन यांनी सुरक्षा समितीत भारतास बलप्रयोगाविषयी खडे बोल सुनावले होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंताचा हा प्रारंभ ठरेल अशी भीतीही त्यांनी व्यक्त केली होती. स्टीव्हन्सन हे कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते. त्यांच्या सौजन्याविषयी त्यांचे विरोधकही शंका घेत नसत. परंतु साडेचारशे वर्षांची परकीय सत्ता हटविणाऱ्या सेनेच्या एका पावलाने ज्यांचे मन इतके व्यथित झाले, त्यांच्याच राज्यकर्त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी परक्या देशातील रानावर विष ओतण्याच्या आज्ञापत्रावर शिक्का उमटविला होता, हेही इतिहासास विसरता येत नाही.

या मोहिमेचे नाव ‘रँच हँड’, म्हणजे गुराढोरांच्या मळ्यावरचा गडी. नावे ठेवण्याची ही हातोटी विचार करण्यासारखी आहे. विषाच्या पिंपांवर रंगाचे पट्टे ओढलेले असत आणि त्या पट्ट्यांवरून विषांस नारिंगी, पांढरे, निळे अशी नावे पडली; जणू बालकांच्या चित्रकलेच्या पेटीतील रंगच. पिंपांत होते काय, हे मात्र नावांवरून कळत नसे. नारिंगी म्हणजे कार्सनबाईंनी निषेधिलेल्या त्याच दोन द्रव्यांचे मिश्रण. निळे म्हणजे सोमलवर्गीय द्रव्य. ते मुख्यतः भाताच्या शेतांसाठी राखलेले असे. अमेरिकेत १९४४ पासून वणव्यांविरुद्ध प्रचार करणारे एक अस्वल आहे. वणवे थांबविणे तुमच्याच हाती आहे, असे ते पोरांस सांगते. फवाऱ्याच्या विमानांवरील मंडळींनी त्या अस्वलाचे वाक्य फिरवून घेतले: अरण्ये थांबविणे तुमच्याच हाती आहे. हा विनोद आम्हांस सरकारी अहवालांहून अधिक प्रामाणिक वाटतो. घरच्या रानाची काळजी आणि परक्या रानाचा नाश यांस एकच चित्र पुरले, हे त्या तरुण वैमानिकांना कळले होते आणि त्यांनी ते हसून सांगितले.

१९७१ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे नऊ वर्षे, हे चालले. सुमारे सात कोटी लिटरांहून अधिक विष ओतले गेले व त्यापैकी निम्म्याहून अधिक नारिंगी होते. शत्रूस लपावयास आडोसा राहू नये हा एक हेतू. शत्रूस अन्न मिळू नये हा दुसरा. दुसऱ्या हेतूची वासलात अमेरिकेच्याच अभ्यासकांनी लावली. रँड या संस्थेच्या १९६७ मधील अहवालांनी दाखवून दिले की पिके जाळल्याने उपाशी राहतो तो बंदूकधारी नव्हे, तर शेतकरी. आणि तो उपाशी शेतकरी कोणाच्या बाजूस जातो हे सांगावयास अहवालाची गरज नाही. तरीही पिकांवरील फवारे थांबले नाहीत.

सर्वांत मोठी हानी खारफुटीची झाली. मांडवी-झुवारीच्या काठची खारफुटी ज्यांच्या नित्य दृष्टीस पडते, खाजणांचे बांध तिच्यामुळे कसे टिकतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्या वाचकांस या झाडाचे महत्त्व समजावून सांगणे नलगे. मासळीची पिल्ले तिच्या मुळांत वाढतात. भरतीचा मारा ती झेलते. डोंगरावरचे झाड एका फवाऱ्याने पाने टाकते व पुष्कळदा पुन्हा पालवते. खारफुटी एकाच फवाऱ्यात मरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७४ मध्ये दिलेल्या वृत्तांतानुसार दक्षिण व्हिएतनामच्या खारफुटीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग नष्ट झाला होता. सायगावजवळच्या खाड्यांत मैलोगणती करडा चिखल आणि खुंट तेवढे उरले. या कृत्यास पानगळ म्हणावे असे आमच्या लेखणीस वाटत नाही. पानगळ हा ऋतू आहे.

येथे एका माणसाचा उल्लेख विस्ताराने करणे आवश्यक आहे. आर्थर गाल्स्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्रबंध लिहिला. त्याचा विषय सोयाबीनला लवकर फुले कशी येतील हा होता. विशिष्ट द्रव्याची अल्प मात्रा दिली असता फुले लवकर येतात, आणि मात्रा वाढविली तर पाने गळून पडतात, असे त्यांस आढळले. पाने गळण्याच्या या निरीक्षणाचा पुढे लष्करी संशोधकांनी उपयोग केला. गाल्स्टन यांस जेव्हा हे कळले, तेव्हा ‘मी तर फुलांचा अभ्यास करीत होतो’ असे म्हणून ते मोकळे झाले असते, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. तसे न करता १९६० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या सहव्यवसायी वनस्पतिशास्त्रज्ञांस या प्रश्नावर उभे केले, सरकारकडे निषेध नोंदविला, आणि १९७० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन येथील एका परिषदेत या कृत्यासाठी ‘इकोसाइड’ हा नवा शब्द योजला. मनुष्यवंशाच्या संहारास जसा शब्द आहे व कायदा आहे, तसा सृष्टीच्या संहारासही असावा, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे त्यास सृष्टिहत्या म्हणता येईल. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या यांच्या पंक्तीस हा शब्द आपल्या भाषेत विनासायास बसतो, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

आता १९७० हेच वर्ष पाहावे, कारण आमचा मुख्य आक्षेप त्याच वर्षात मूर्तिमंत झाला आहे. १ जानेवारीस अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर सही केली. १५ एप्रिलला २,४,५-टी या द्रव्याचा घरे, तळी व पाट यांच्या आसपासचा वापर अमेरिकेत स्थगित झाला. प्रयोगशाळेतील उंदरांच्या पिल्लांत त्याने व्यंगे निर्माण होतात, असे दिसून आले होते. युद्धखात्यानेही त्याच दिवशी नारिंगी विषाचा वापर थांबविला, हे नमूद केले पाहिजे. परंतु निळे विष भाताच्या शेतांवर पुढेही पडत राहिले. २२ एप्रिलला अमेरिकेत पहिला वसुंधरा-दिन साजरा झाला व लक्षावधी लोक रस्त्यांवर आले. त्यानंतर आठ दिवसांनी त्याच अध्यक्षांनी कंबोडियात सैन्य घुसविल्याची घोषणा केली. डिसेंबरात पर्यावरण-रक्षणाचे स्वतंत्र सरकारी खाते सुरू झाले.

यावर कोणी म्हणेल की हा ढोंगीपणा होय. आमचे मत निराळे आहे. ढोंगी मनुष्यास आपले दोन चेहरे ठाऊक असतात. येथे खतावण्याच दोन होत्या, आणि एका खतावणीतील रक्कम दुसरीत मांडावी हे कोणाच्या गावीही नव्हते. ओहायोतील तळ्याकाठी पडलेले विष हा निसर्गाचा प्रश्न. तेच विष मेकाँगच्या मुखाशी पडले की तो युद्धनीतीचा प्रश्न. हवा, पाणी आणि माती ही अमेरिकन नागरिकाच्या मालमत्तेचा भाग आहेत म्हणून त्यांचे रक्षण करावयाचे, असा त्या निसर्गधर्माचा पाया आहे. आणि मालमत्ता म्हटली की तिला कुंपण आलेच. पुढे १९९७ च्या क्योटो करारात बहुराष्ट्रीय लष्करी कारवायांचा धूर राष्ट्रांच्या हिशेबातून वगळण्याची तजवीज अमेरिकेच्या आग्रहाने झाली, ती याच खतावणी-न्यायाने.

हे लिहिताना आपण फार उंच आसनावर बसलो आहोत असे मानणे बरे नव्हे. देवराईतील काटकीही घरी नेऊ नये, हा दंडक आपल्या देवस्थानांनी शतकानुशतके पाळला. सत्तरी तालुक्यात निरंकाराची राय त्यामुळेच आजही उभी आहे. भारतातील योद्धे शत्रूच्या शेतास आग लावीत नाहीत व त्याची झाडे तोडीत नाहीत, असे मेगॅस्थिनीसने लिहून ठेविले, तेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात वेढा घातलेल्या शत्रूचा चारा, अन्न, पाणी व सरपण सतत नासवावे असा उपदेशही आहे. आणि खांडववन? ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्वे यांनी कृष्णार्जुनांच्या त्या पराक्रमाकडे ज्या निर्भय दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीची येथे आठवण होते. रानातून बाहेर पडणाऱ्या जीवांस चहूबाजूंनी अडवून मारणे हा यज्ञ कसा, असे विचारावयास आपणांस महाभारतानंतर फार काळ लागला. फरक आहे तो एवढाच की महाभारताने ते दहन लपविले नाही.

हेतूच्या प्रश्नाने सगळ्यात मोठा पेच निर्माण केला. नारिंगी विषात डायॉक्सिन नावाचे अतिघातक द्रव्य कारखान्यातील प्रक्रियेतच उत्पन्न होई. ते मातीत व गाळात दशकानुदशके टिकते, मासळीतून व बदकांतून माणसांच्या शरीरात जाते. अमेरिकेचे स्वतःचे सैनिक आजारी पडू लागले तेव्हा त्यांनी उत्पादकांवर दावा लावला, आणि १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. १९९१ मध्ये कायदा झाला. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकास ठरलेल्या आजारांपैकी एखादा जडला तर तो विषामुळेच जडला असे गृहीत धरावे, पुरावा मागू नये, असे त्या कायद्याने ठरविले. न्याय्यच कायदा तो. २००४ मध्ये व्हिएतनामी लोकांनी त्याच उत्पादकांविरुद्ध अमेरिकेतच दावा लावला. १९८४ ची तडजोड ज्यांच्यासमोर झाली होती, ते न्यायमूर्ती जॅक वाइनस्टीन यांनीच तो मार्च २००५ मध्ये फेटाळला. तृणनाशके माणसांस मारण्याच्या हेतूने वापरली नव्हती, म्हणून त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याने ज्यास विष म्हटले त्यात ती मोडत नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय. वरिष्ठ न्यायालयाने २००८ मध्ये तो उचलून धरला.

धर्मशास्त्राशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांस हा युक्तिवाद अपुरा का वाटतो हे सांगावयास नको. आपल्याकडे संकल्पास महत्त्व आहे, नाही असे नाही. जाणूनबुजून केलेल्या पापास व नकळत घडलेल्या पापास स्मृतींनी निरनिराळी प्रायश्चित्ते सांगितली आहेत. पण नकळत घडलेल्यास प्रायश्चित्तच नाही, असे एकाही स्मृतिकाराने म्हटलेले नाही. हेतूने पापाची मात्रा ठरते; घडलेले पुसले जात नाही. शिवाय १९६९ च्या अखेरीनंतर ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास जागाही उरली नव्हती. त्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने युद्धातील अशी रासायनिक द्रव्ये १९२५ च्या जिनीव्हा करारात निषिद्ध ठरतात असा ठराव ८० विरुद्ध ३ मतांनी संमत केला. विरोधी मते अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांची. आणि तिसरे, आफ्रिकेतील वसाहतींत युद्ध चालविणाऱ्या पोर्तुगालचे. गोव्यासाठी ज्याचा कैवार १९६१ मध्ये घेतला गेला होता, तोच जोडीदार.

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोम येथील परिषदेत स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी व्हिएतनामचे नाव न घेता परंतु कोणाचाही संशय राहू नये अशा शब्दांत सृष्टिहत्येचा निषेध केला. अमेरिकन शिष्टमंडळास तो रुचला नाही. इंदिरा गांधी यांच्या तेथील भाषणातील दारिद्र्याविषयीचे उद्गार सर्वत्र उद्धृत होतात. पण जन्मास न आलेल्यांसही विकृत करणाऱ्या व भूमीस विष पाजणाऱ्या शस्त्रांविषयी त्या जे बोलल्या, ते क्वचितच कोणी सांगतो. त्याच भाषणात त्यांनी अथर्ववेदातील भूमिसूक्ताचा आधार घेतला होता. त्या सूक्तातील ऋषी जमीन खणतानाही तिच्या मर्मस्थानी घाव बसू नये अशी काळजी वाहतो.

अमेरिकेने पुढे काहीच केले नाही असे नव्हे. १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी युद्धात तृणनाशकांचा प्रथम वापर करणार नाही असे जाहीर केले. स्वतःच्या तळांभोवतीची जागा मात्र अपवाद म्हणून राखली. कुंपण तेथेही आहेच. दानांगच्या विमानतळाची दूषित माती अमेरिकेच्या पैशाने २०१२ ते २०१८ या काळात तापवून शुद्ध करण्यात आली. बिएन होआ येथील काम त्याहून मोठे आहे. तेथे सुमारे पाच लाख घनमीटर माती व गाळ दूषित आहे. ते २०१९ मध्ये सुरू झाले, आणि २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने परदेशी साहाय्य एकाएकी रोखले तेव्हा उकरलेली माती तशीच उघडी टाकून काही काळ थांबले. इकडे सायगावजवळच्या काँजो येथील उजाड चिखलात व्हिएतनामी लोकांनी १९७८ पासून खारफुटी हातांनी लावली. बीजांकुर दक्षिणेकडील का माउ येथून होड्यांतून आणावे लागले, कारण जवळपास झाडच उरले नव्हते. ते रान आता पुन्हा दाट झाले आहे, आणि २००० पासून युनेस्कोच्या रक्षित जीवावरणांच्या यादीत आहे.